‘येतो’ म्हणायचं नाही

एस.टी.त मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची एकोणीस कोल्हापूर स्टँडवर, कंट्रोलर म्हणून चौकशीच्या खिडकीत. लोक जाळीला तोंड लावून विचारायचे, "गाडी येती का?" मी सांगायचो, "येते." गाडी डेपोत चाकं काढून ठेवलेली असली तरी येते. पुराच्या पाण्यापलीकडे अडकली असली तरी येते. "येत नाही" म्हटलं की माणूस भांडतो आणि "येते" म्हटलं की बाकावर जाऊन बसतो, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यात खोटं बोललो असं मला कधी वाटलं नाही. गाडी कधी ना कधी यायचीच, आणि माझ्यामागे रांग असायची.

२००२ साली रिटायर झालो आणि पंधरा दिवसांत आमच्या मंडळींनी, म्हणजे अंबूबाईनं, मला घराबाहेर काढलं. भांडण वगैरे काही नाही. मी ओट्याजवळ उभा राहून कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा वहीत टिपायला लागलो होतो, ते तिला सोसलं नाही. "कुटंबी जावा, पर दुपारपत्तोर माज्या नजरंला पडू नका," म्हणाली. गडमुडशिंगीच्या रस्त्याला टाकून दिलेल्या जनावरांचा एक आसरा होता. तिथं रजिस्टर लिहायला माणूस हवा होता. जनावरांची मला आवड नव्हती, पण रजिस्टरची होती. दुसऱ्या दिवसापासून जायला लागलो.

आसऱ्याचे अध्यक्ष डॉक्टर अमरेश. हे माणसांच्या दातांचे डॉक्टर. जनावरांच्या संस्थेला दातांचा डॉक्टर कशाला, असं मनात आलं होतं, पण तिथल्या सगळ्या तक्रारी शेवटी दातांवरच येतात हे बघितल्यावर विचारायचं राहून गेलं. बाकीचं सगळं, म्हणजे झाडलोट, भाकरी, औषधपाणी आणि कुत्र्यांशी बोलणं, निसार बघायचा. तो शहरातून सायकलवरून यायचा आणि दुपारी घरी जेवून पुन्हा यायचा.

२००३ च्या दिवाळीनंतर हातकणंगल्याहून टेम्पोत घालून एक कुत्रा आला. तांबडा, एक कान उभा, एक पडलेला, वय असेल चार-पाच वर्षं. मी रजिस्टरात लिहिलं, ‘पिंजरा सतरा. नर. शांत.’ ‘शांत’ हा शब्द मला नंतर खोडावा लागला. दिसायला इतका गरीब की पंधरा दिवसांत त्याला घर मिळालं.

पहिलं घर शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचं. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, "बरं, येतो मग" म्हणून मुलाचा बाप उठला आणि कुत्र्यानं त्याचं धोतर धरलं. चावला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तक्रारअर्जात ‘चावा घेतला’ असं लिहिलंय. नुसतं धरलं आणि सोडलं नाही. पण धोतर ही काही धरून ठेवायची वस्तू नव्हे. बाप उंबऱ्याबाहेर गेला, धोतर आत राहिलं. ते लग्न मोडलं आणि कुत्रा आमच्याकडे परत आला.

दुसरं घर एका भावी नगरसेवकाचं. दिवसाला तीस-चाळीस माणसं यायची, चहा प्यायची आणि "येतो साहेब" म्हणून उठायची. उठायची, पण दारात कुत्रा बघून पुन्हा बसायची. एका दिवशी संध्याकाळपर्यंत घरात सव्वीस कार्यकर्ते साचले. साहेबांना आधी वाटलं, आपली हवा झाली. दोन वेळचं जेवण घातल्यावर त्यांनी चौकशी केली आणि कुत्रा जीपमध्ये घालून स्वतः आणून सोडला.

"पावणं आलं बघा माघारी," निसार फाटक उघडत म्हणाला. तेव्हापासून त्याचं नाव पावणा.

निसारला त्याचा मोठा पुळका होता. "सायब, लई गरीब जनावर हाय ह्ये. मी रोज दोनदा ह्याच्या म्होरनं जातो, कवा माज्या वाटंला गेलं न्हाई. तुमच्या लोकांचंच कायतरी चुकतंय." मला ह्या ‘तुमच्या लोकांचं’चा राग आला. मी रोज एक वाजता दप्तर बंद करून "येतो रे निसार" म्हणून निघायचो, तेव्हा सतरा नंबरच्या पिंजऱ्याचं दार कुत्रा उपटून काढेल की काय असं हलायचं. मला वाटायचं, ह्याला माझा चेहरा पसंत नाही. मलाही तो फारसा पसंत नव्हता, त्यामुळं मी ते मनाला लावून घेतलं नाही.

डॉक्टरांनी मग पुण्याहून कुत्र्यांच्या स्वभावाच्या तज्ज्ञ मॅडम बोलावल्या. मॅडमनी तीन तास पावण्याला उठवलं, बसवलं, पंजा द्यायला लावलं आणि दर वेळी कलेजीचा एकेक तुकडा दिला. पावणा सगळं करत होता. कलेजीसाठी निसारनंही केलं असतं. शेवटी त्यांनी इंग्रजीत टाइप केलेली चार पानं माझ्या हातात ठेवली. "नीट वाचा हं. मला तर काही दोष दिसत नाहीये ह्याच्यात. चला, येते मी," म्हणाल्या आणि सरळ फाटकाबाहेर गेल्या. पावणा मोकळाच होता. त्यानं शेपटी हलवली.

त्यांच्या मागोमाग डॉक्टर निघाले. "निसार, येतो रे," म्हणाले, आणि पुढच्या क्षणाला त्यांच्या पँटची मोहरी पावण्याच्या तोंडात होती. ओढाओढी चालली असतानाच निसार जेवायला म्हणून सायकल काढून शेजारून गेला. "खुदा हाफिज, सायब." पावण्यानं त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मी तिथंच थांबलो. एकोणीस वर्षं जाळीच्या आतून तो एकच शब्द वाटत बसलो होतो, तेव्हा माझ्या कानाला तो लागायलाच पाहिजे होता. आमच्या कोल्हापुरात बाप्या असो की बाई, बोलताना ‘येतो’च म्हणणार. पुण्याच्या मॅडम ‘येते’ म्हणाल्या आणि सुटल्या. निसार खुदा हाफिज म्हणाला आणि सुटला. अडकला तो ‘येतो’ म्हणणारा. खात्रीसाठी मी तीन हात लांब उभा राहून पावण्याला म्हणालो, "जातो." काही नाही. म्हणालो, "येतो." त्यानं डॉक्टरांना सोडलं आणि मला धरलं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरातला पत्ता काढून हातकणंगल्याला गेलो. पावण्याला टेम्पोत घालून देणारी चिमणाबाई स्टेशनच्या मागच्या आळीत राहत होती. तिनं शेजारचं कुलूप लावलेलं घर दाखवलं.

"चन्नाप्पाचं कुत्रं त्ये. शिंपी हुता. बायकू न्हाई, पोर न्हाई. माणसांसंगं कानडी बोलायचा आन् कुत्र्यासंगं मराठी. का, त्ये त्यालाच ठावं. छातीत दुखतंय म्हणून मिरजंला दाखवाय गेला. दाराला कडी घातली, ह्याच्या डोस्क्यावर हात ठेवला, म्हणाला, येतो रे. झालं. तकडंच गेला."

"मग?"

"मग काय? अठरा दिस ह्यो त्या पायरीवर. भाकरी टाकली तर खाईना. कोन बी ‘येतो’ म्हणून निगालं की पळत जाऊन धरायचा. माजं लुगडं फाडलंय ह्येनं." लुगड्याचं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लुगड्यासाठी नव्हतं.

मी डॉक्टरांना सांगितलं, कुत्र्याला रोग काही नाही, त्याला फक्त ‘जातो’ म्हणणारं घर पाहिजे. डॉक्टरांना ते पटलं नाही. तरी आम्ही शोधलं. एक कुत्र्यांचा हौशी मास्तर आला. त्याला अट सांगितली तर तो दोन पावलं मागं सरकला. "घरातनं भाईर पडताना ‘जातो’ म्हणायचं? माजी आई हाय घरात! त्यापरास चावू दे की." बाकीचेही तेच म्हणाले. ‘निघतो’वर भागेल असं मलाही वाटलं होतं. पण निघतो म्हणून माणूस फक्त उठतो, उंबऱ्यावर पाय पडला की तोंडातून ‘येतो’ आलंच. आणि काहीच न बोलता गेला, तर भांडून गेला म्हणतात. चावा परवडला पण ‘जातो’ नको, हे ह्या गावाचं एकमत होतं. माझंही तेच होतं.

मग निसारनं अक्कल लढवली. "सायब, कानडी घर बघू. त्ये ‘येतो’ म्हणणारच न्हाईत. आन् ह्याला कुटं कानडी येतंय?" हद्दीलगतच्या एका वस्तीवर रत्नव्वा म्हणून त्याच्या ओळखीची बाई होती, तिला राखणीला कुत्रा हवाच होता. तिच्याकडे सगळे "होगबरतीनि" म्हणून निघायचे. त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच, पण ते पावण्याला कोण सांगणार? अकरा दिवस अगदी आनंदात गेले. बाराव्या दिवशी दूध न्यायला मराठी गवळी आला, भरलेली किटली उचलून "येतो मावशी" म्हणाला आणि वीस लिटर दूध अंगणात गेलं. रत्नव्वानं कानडीत काय काय म्हटलं ते निसारनं मला सांगितलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी निकाल दिला. "बास. सोमवारपासनं मागच्या पिंजऱ्यात. कायमचा. मी किती पँटी फाडून घेऊ?"

मागचा पिंजरा मी बघितलेला होता. कुणालाच देता न येणाऱ्या कुत्र्यांसाठीचा तो. भिंतीच्या कडेला, पुढं पत्रा. तिथं एक म्हातारा अल्सेशियन चार वर्षं गोल गोल फिरत होता आणि फरशीवर त्याच्या पायांची वाट पडली होती. भाकरी आली तरी तो फेरा पुरा केल्याशिवाय थांबायचा नाही. त्याच्या शेजारी पावणा. का? तर त्याला कुणीतरी एकदा ‘येतो’ म्हणून सांगितलं आणि त्यानं ते खरं धरलं. मला वाईट वाटलं. सरळच सांगतो, फार वाईट वाटलं, आणि राग आला. कुणाचा ते कळेना. मी म्हणालो, "माझ्याकडे द्या." डॉक्टर म्हणाले, "एक महिना. एक जरी तक्रार आली, तरी मागचा पिंजरा. महिना भरला की मी स्वतः येऊन बघणार." तारीख ठरली: एकोणीस ऑगस्ट २००४, गुरुवार.

अंबूबाईला विचारलेलं नव्हतं. रिक्षातून पावण्याला उतरवला तेव्हा ती दारातच उभी होती.

"ह्यो कोन?"

"पावणा."

"त्ये दिसतंय. रोग काय ह्येला?"

मी सगळं सांगितलं. धोतर, सव्वीस कार्यकर्ते, दूध, चन्नाप्पा. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पावण्यापुढं खाली बसली आणि त्याच्या पडलेल्या कानाला हात लावून म्हणाली, "शाणा हाय की. मला न्हाई जमलं त्ये ह्येला जमलंय."

"काय?"

"धराय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चौऱ्याऐंशी साली माजा बा गगनबावड्याला शेवटच्या घटका मोजत हुता. सकाळी सांगावा आलता. तुमी म्हनलासा, येतो, मग सहाच्या गाडीनं निगू. मी पिशवी भरून उंबऱ्यात बसलो. सहा वाजलं. आठ वाजलं. तुमी आलासा दुसऱ्या दिशी धाला. बा तवर पाटंलाच गेल्ता. मी बी तवा तुमची प्यांट धराय पायजे हुती."

रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नव्हता, पाऊस होता, स्टँडवर गर्दी होती. हे सगळं खरं आहे आणि ते मी तेव्हाही सांगितलं होतं. ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. ती विसरली असेल, असं धरून चाललो होतो. वीस वर्षांत ती एकदाही बोलली नव्हती, आणि मी त्याला माफी समजत होतो.

त्या संध्याकाळी उपाय तिनंच काढला. "शब्द सोडायचा न्हाई. ‘येतो’च म्हनायचं. आन् यायाचं." मी "येतो" म्हणून उंबऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पावणा पायजमा धरायचा, मी त्याला घेऊन तसाच उंबऱ्यापर्यंत जायचो आणि त्याला घेऊनच परत यायचो. दिवसाला चाळीस वेळा. चौथ्या दिवशी तो धरायचा आणि आपण होऊन सोडायचा. मग पायरीपर्यंत. मग नळापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत. पुढं शेजारच्या शांभवीनं, ती कॉलेजात होती, मॅडमची चार पानं वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर नेमकं हेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत. अंबूबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर लिवलंय बाईनं."

आल्यागेल्यालाही सूट नव्हती. शेजारची बाळाबाई विरजण घेऊन "येतो गं" म्हणाली की तिला कोपऱ्यापर्यंत जाऊन, परत येऊन, पावण्याला तोंड दाखवून मग घरी जावं लागायचं. गॅसवाला, पोस्टमन, विमा एजंट, सगळे दोनदा यायचे. विमा एजंटानं तर ह्याचा फायदा घेऊन दुसऱ्या फेरीत पुन्हा पॉलिसी काढली. एकदा मी मंडईत "येतो" म्हणून गेलो आणि जुना ड्रायव्हर भेटल्यामुळं पाऊण तास उशिरा परतलो. पावण्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. अंबूबाईनंही ताट वाढून घेतलं नव्हतं.

"मुक्या जनावराला ठकवू नका," ती म्हणाली.

ती कुणाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही. घड्याळ मात्र त्या दिवसापासून पुन्हा हातात घालायला लागलो.

महिना संपत आला आणि गगनबावड्याहून तिच्या भावाचा निरोप आला. नातवाचं बारसं होतं. मी म्हणालो, "गुरुवार झाल्यावर जा. डॉक्टर येणार आहेत." ती म्हणाली, "बारसं बुधवारी हाय. पोरगं काय तुमच्या डाक्तरासाटी थांबतंय?" सोमवारी सकाळी पिशवी भरली. पावणा तिच्यामागं दारापर्यंत गेला. ती वाकून त्याला म्हणाली, "येतो. बेस्तरवारी, साडेपाचच्या गाडीनं." त्यानं पदराचं टोक तोंडात धरलं. ती थांबली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि सोडलं. इतका लांबचा ‘येतो’ त्यानं आजवर कुणाचा मान्य केला नव्हता. मला धास्ती बसली, कारण आता ती गुरुवारी आली नाही, तर महिनाभराची मेहनत वाया जाणार होती आणि ह्या कुत्र्यानं जन्मात पुन्हा कुणाचा शब्द धरला नसता.

मंगळवारी रात्रीपासून पाऊस लागला. ऑगस्टात आमच्याकडे लागतो तसा, उसंत न घेता. गुरुवारी पेपरात आलं की पंचगंगा वाढली, गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आलं. पावणा दुपारी तीनपासूनच उंबऱ्यात जाऊन बसला. त्याला घड्याळ कळत नाही, असं मॅडमच्या पानांत लिहिलंय.

पाच वाजता डॉक्टर आले. नवी पँट होती, पण मोहरीला त्यांनी सायकलची क्लिप लावली होती. चहा घेतला, शेजारी चौकशी केली, तक्रार एकही नव्हती. मग दारात उभे राहून, घसा साफ करून, पावण्याच्या अगदी कानाजवळ म्हणाले, "बरं, येतो मी."

पावण्यानं मान वळवली नाही. त्याचे डोळे कोपऱ्यावर होते.

"येतो म्हटलं," डॉक्टर जोरात म्हणाले. पावणा जरा बाजूला सरकला, डॉक्टरांमुळं रस्ता दिसत नव्हता. डॉक्टरांनी खिशातून कागद काढला, ‘सुधारणा समाधानकारक. कायम देण्यास हरकत नाही’ असं लिहून खाली सही केली. "मानलं कंट्रोलर तुम्हाला," म्हणाले. तो सुधारला आहे की त्याला आज डॉक्टरांकडे बघायला सवड नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. डॉक्टर गेले. कोपऱ्यावरून परत येऊन तोंड दाखवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि पावण्याच्याही नाही.

गाडी स्टँडवर यायची वेळ झाली, साडेपाच वाजले. सहा वाजले. मी स्टँडवर फोन लावला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला. नवा माणूस होता, आवाजावरून तिशीतला.

"गगनबावड्याची साडेपाचची गाडी?"

"येती की."

"निघाली का पण तिकडनं?"

"येती म्हनलं न्हवं का पावणं? बसा जरा."

फोन बंद झाला. तो ‘येती’ मला ओळखीचा होता. त्यात गाडी कुठं आहे ह्याचा पत्ता नव्हता, निघाली का ते माहीत नव्हतं, आणि मागं रांग होती, ते सगळं मला स्पष्ट ऐकू आलं. एकोणीस वर्षं मी हा शब्द रोज शेकड्यांनी वाटला. तो घेऊन लोक बाकावर जाऊन बसत होते आणि त्यांच्या पोटात काय होत असेल ते मी कधी जाळीतून वाकून बघितलं नाही. मी उंबऱ्यात जाऊन पावण्याशेजारी बसलो.

साडेसहाला बाळाबाई भाकरी घेऊन आली. मी नको म्हणालो. पावण्यानंही घेतली नाही. तिनं आम्हा दोघांकडे बघितलं आणि भाकरी झाकून ठेवून गेली.

सात वाजून गेले. दिवे लागायच्या सुमाराला पावणा उभा राहिला. त्याचा पडलेला कान कधी नव्हे तो वर झाला. मला अजून काही दिसत नव्हतं. मग पानपट्टीच्या उजेडात ती दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, डोक्यावर पिशवी, हातात एकच चप्पल. पावणा पळत गेला नाही. तो जागचा हललाच नाही, नुसता अंगभर थरथरत उभा होता.

"गाडी पान्यापल्याडच थांबली," ती लांबूनच मोठ्यानं सांगायला लागली. "भाऊ म्हनला ऱ्हा, वैनी म्हनली ऱ्हा. म्हनलं, मी सांगून आलोय. मग एका ट्रॅक्टरवाल्यानं पान्यातनं अल्याड आनून सोडलं. फुडं चालत, मग टेम्पो. येक चप्पल गेली." पायरीवर येऊन तिनं पावण्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आलो न्हवं का? सांगितल्यालं की न्हाई?"

पावणा आत गेला, आपल्या पोत्यावर आडवा झाला आणि एका मिनिटात घोरायला लागला. डॉक्टरांचा कागद मी तिला दाखवणार होतो. तो खिशातच होता, पण माझा हात मोकळा नव्हता. ती आत जायला निघाली आणि अडखळून थांबली. तिनं वळून खाली बघितलं. तिच्या पदराचं ओलं टोक माझ्या मुठीत होतं, आणि ते मी कधी धरलं ते मला आठवत नाही.

तिनं डोक्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सोडा आता. आलो की."